पाऊण तासाची चूक

जुन्या फ्लॉप्यांचा डबा उघडला की तो दिवस आठवतो. पेणला बसून मी भरतीची वेळ काढणारं कोड लिहिलं आणि कुणीही आपल्या प्रोग्रॅमला जोडावं म्हणून फुकट वाटलं. 'यातलं काही बदलणार नाही' असंही लिहून दिलं. पुढे कळलं, वेळ पाऊण तास अगोदरची येते. मी ती सुधारून नवी फ्लॉपी सगळ्यांना पाठवली. आठवड्याने, रोह्याला कंपनीत शिफ्ट करून घरचं मिठागर सांभाळणारा एकजण चिखलाच्या पायांनी दारात आला. "तुमची चूक मला ठाव व्हती. माझ्या प्रोग्रॅमात मी पाऊण तास मिळवूनच चालत व्हतो. तुमची नवी फ्लॉपी घातली, त्यावर परत पाऊण तास चढला. आता बांधातल्या उघाडीचं, पानी अडवायचं दार उशिरा लावलं, खाडी आत शिरली, सगलं मीठ गेलं. बदलनार नाय बोललेलात ना?" त्याच्यासमोरच मी ती चूक परत घातली. आजही कुणी ती दाखवली, की मी 'माहीत आहे' एवढंच लिहितो.