गच्चीवरून सुटणारी बस

त्या रविवारी दादा एकटाच अमृतसरच्या बसमध्ये का बसला?

हा प्रश्न माझा सगळ्यांना विचारून झालाय. पोलिसांना विचारला. वहिनीला विचारला. दादा ज्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, तिथल्या साहेबांना विचारला. बंदूकवाल्यांनी वाटेत बस अडवली, माणसं उतरवली आणि गोळ्या घातल्या, एवढं पेपरातही आलं. पण दादा त्या बसमध्ये होताच कशाला? "एकट्यानं फिरायला जाणं म्हणजे आरशासमोर बसून पत्ते खेळणं" असं म्हणणारा माणूस तो!

ज्याला विचारावं तो मला बसायला सांगतो. मग म्हणतो, "ते जाऊ दे रे. तुला तो किस्सा माहितीये का..." उत्तर एक मिळालं नाही, किस्से मात्र पोतंभर झाले. त्यातले बरेचसे माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत, तरी मी पुन्हा ऐकून घेतो. सांगणाऱ्याच्या तोंडात तेवढा वेळ दादा असतो ना.

*

आम्ही अलिबागकडचे. मी सातवीत दोनदा आपटलो, तेव्हा दादानं मला चंदीगडला आणलं आणि मनीमाजऱ्यात एका स्कूटरच्या गॅरेजात चिकटवलं. राहायला सेक्टर बावीसमध्ये तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली, पुढे मोठी गच्ची. दादा, वहिनी आणि मी.

दादाला मराठी माणसाचा वास यायचा. बाजारात कोणी "अगं बाई" म्हणालं की हा मागे वळलाच! असेच त्यानं जगताप काका पकडले, चंडीमंदिरच्या छावणीतले सुभेदार, मूळचे कराडचे. आणि लिमये मॅडम, दादाच्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टर, पुण्याच्या. झाला पाच जणांचा ग्रुप. काकांनी दादाचं नाव ठेवलं 'गाईड', कारण सहली ठरवायचं वेड त्यालाच.

दर महिन्याला एक सहल ठरायची. आणि दर महिन्याला काहीतरी व्हायचं. पंजाबात तेव्हा दहशतवाद पेटलेला; कधी कर्फ्यू, कधी बंद, कधी बसच सुटायची नाही.

*

एक सहल मात्र झाली. भाक्रा धरणाची.

वाटेत नाकाबंदी. दोन पोलीस बसमध्ये चढले आणि एकेकाचं सामान उघडायला लावलं. वहिनीच्या मांडीवर पत्र्याचा डबा, झाकण दोरीनं करकचून बांधलेलं. पोलीस म्हणाला, "डब्बे में क्या है?"

वहिनीला हिंदी बोलायची कोण हौस! ठणठणीत आवाजात म्हणाली, "बोंबील है, बोंबील!"

पोलिसाला पुढचं ऐकूच गेलं नाही. अर्ध्या मिनिटात बस रिकामी! माणसं खिडकीतून उड्या मारून शेतात. आत फक्त वहिनी, आम्ही चौघं आणि बंदूक रोखलेला तो पोलीस. वहिनी आपली मान हलवून सांगतेय, "घर का है! सासूबाई ने भेजा है!"

दादानं दोन्ही हात वर केले. "साहब, मछली है! सूखी मछली की चटनी!"

"खोल!"

दादानं दोरी सोडली, झाकण काढलं आणि डबा साहेबांच्या नाकाखाली धरला. साहेब तीन पावलं मागे. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "इससे तो बम अच्छा था!"

*

मनालीची सहल माझ्यामुळे बुडाली. हा किस्सा जगताप काका सगळ्यात जास्त सांगतात, तेही माझ्यासमोर.

मी नवीनच आलो होतो. हिंदी म्हणजे गॅरेजात ऐकलेल्या शिव्या, तेवढीच. दादा म्हणाला, "बंड्या, तू पुढे हो आणि मनालीच्या बसमध्ये पाच जागा धर. आम्ही सामान घेऊन येतो." मी स्टँडवर पळत गेलो. समोरच एक बस उभी, कंडक्टर दारात. विचारलं, "मनाली?"

"हाँ जी, बस खाली है! पूरी खाली!"

खाली? मी म्हटलं, बरं झालं विचारलं, नाहीतर वरच शोधत बसलो असतो! जिना शोधला, सापडला नाही. फिरत फिरत मागच्या वर्कशॉपात पोचलो. तिथं जमिनीत खड्डा, खड्ड्यावर बस, खड्ड्यात तेलानं माखलेला एक माणूस. मी वाकून विचारलं, "मनाली?"

तो वर बघून म्हणाला, "यहाँ नीचे तो मैं ही हूँ भाई. आ जा, जगह बहुत है!"

परत येईपर्यंत बस भरून गेलेली. दादानं सगळं ऐकलं आणि स्टँडवर बॅगांवर बसून इतका हसला की एक म्हातारी त्याला पाणी द्यायला आली. मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं. माझ्याकडे त्याचं एक तरी ओरडणं शिल्लक राहिलं असतं.

*

सिमल्याच्या आदल्या संध्याकाळी कर्फ्यू लागला. जगताप काका आणि मॅडम सकाळी लवकर निघायचं म्हणून आमच्याकडेच झोपायला आलेले, ते अडकले. सकाळी सगळ्यांची तोंडं पडलेली. वहिनीनं चाळीस पुऱ्या तळलेल्या.

दादा गच्चीत गेला. चादर अंथरली, त्यावर उशा ओळीनं मांडल्या आणि ओरडला, "चला, सिमला, सिमला, सिमला! सीट नंबर बघून बसा!"

आधी आम्हाला वाटलं, हा चळला. पण जगताप काका उठले, आतून परात आणली आणि पुढच्या उशीवर ड्रायव्हर म्हणून बसले. मग मॅडम म्हणाल्या, "मला खिडकी पाहिजे." एवढ्या शिकलेल्या बाई! त्यांना कठड्याजवळची उशी दिली.

बस सुटली. दादा उभा राहून सांगतोय, "डावीकडे बघा, पिंजौर गेलं. आता घाट लागेल, धरून बसा." काका परात फिरवायचे, आम्ही सगळे एका बाजूला कलंडायचो. "उजवं वळण! डावं वळण! समोरून ट्रक!" काकांनी ट्रकवाल्याला अशी शिवी घातली की मॅडमनी कान झाकले.

दहा-बारा वळणं झाली असतील. वहिनी एकदम म्हणाली, "अहो, थांबवा. मला मळमळतंय."

आम्ही हसलो. पण तिला खरंच मळमळत होतं! काकांनी करकचून ब्रेक मारला, वहिनी उतरून मोरीकडे पळाली. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मेडिकलच्या पुस्तकात हे कुठेच नाहीये!"

गडबड ऐकून खालून घरमालकीण वर आली. आम्ही तिला बीजी म्हणायचो. गुडघे धरत धरत आली आणि विचारलं, "कित्थे चल्ले ओ सारे?"

दादा म्हणाला, "शिमला, बीजी."

बीजीनं उशांची रांग बघितली, परात बघितली. आता ही खोली खाली करायला सांगणार असं मला वाटलं. तिनं चपला काढल्या, चादरीवर चढली आणि मागच्या उशीवर बसली. "मैनूं वी लै चलो. बाहर गए तीन साल हो गए."

सिमल्याला पोचल्यावर तिनं आठ पुऱ्या खाल्ल्या. आणि पुढे कर्फ्यू लागला की जिन्यातून हाक यायची, "गाईड जी! अज्ज बस किन्ने वजे?"

*

गावाकडे आईला काळजी वाटू नये म्हणून दादा पत्रात सगळ्या सहली झाल्यात असंच लिहायचा. सिमला झाला, मनाली झाली. काश्मीरचं पत्र तर चार पानी होतं. शिकारा, बर्फ, सफरचंदं, सगळं. आई ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि अख्खी आळी ऐकायला बसायची.

आईचं उत्तर आलं, "बर्फात सूनबाईला गार हवा सोसली का? बंड्याला मफलर दे. आणि तिथलं केशर पाठव, गणपतीच्या नैवेद्याला."

आता आली पंचाईत! दादानं सेक्टर बावीसच्या मार्केटमधून केशराची इवलीशी डबी घेतली. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर चक्क दिल्लीच्या दुकानाचा पत्ता! दादानं चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि डबी पाठवून दिली.

आईनं कळवलं, "आळीतल्या सगळ्यांनी वास घेतला. खऱ्या काश्मीरचा वास काही लपत नाही!"

दादा गेल्यावर आई इकडे येऊ शकली नाही. मास्तरांकडून पत्र पाठवलं. त्यात एक ओळ होती, "माझं लेकरू निदान सगळं बघून तरी गेलं." वहिनीनं ते पत्र घडी करून ठेवून दिलं. आईला खरं कोण सांगणार? मी नाही.

*

आता त्याच्या आदल्या दिवसाचा, शनिवारचा किस्सा. हा कोणी सांगत नाही. तिथं फक्त दादा आणि मी होतो.

अमृतसरची सहल ठरली होती, तीही रद्द झाली. दादा गच्चीत उशा मांडायला लागला. मी गॅरेजमधून डोकं फिरवूनच आलो होतो. मालकानं चार लोकांत अपमान केला होता. मी उशीला लाथ मारली.

"तुझा सिमला गच्चीवर, तुझं काश्मीर पत्रात! लहान पोरं खेळतात असलं! खऱ्या बसमध्ये बसायची हिंमत आहे का तुझ्यात?"

दादानं उशी उचलली, झटकली, परत ओळीत ठेवली. हसला. म्हणाला, "बसेन की, बंड्या."

रविवारी सकाळी तो वहिनीला ड्युटी आहे सांगून निघाला. हॉस्पिटलवाले म्हणतात, त्याची सुट्टी होती.

जगताप काकांना मी हे सांगितलं. म्हटलं, काका, खरं सांगा, माझ्या बोलण्यामुळे गेला का? काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "त्यानं एकदा काय केलं होतं माहितीये का..."

*

अग्नी दिला त्या दिवशी सगळे निघाल्यावर मी मागे राहिलो होतो. स्मशानातले पंडित माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बेटा, परसों सुबह फूल चुनने आ जाना."

मी मान हलवली. काका आणि मॅडम तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता येणार होते. मी म्हटलं, फुलं वेचायचं काम आपण एकट्यानं करू, कोणाला न विचारता. दादासाठी एक तरी काम न चुकता करायचं. त्या दिवशी उजाडता उजाडता सायकल काढली आणि सेक्टर सोळाच्या गुलाबांच्या बागेत गेलो. फेब्रुवारीचा शेवट, बाग नुसती फुललेली! पिशवी घेतली आणि भराभर तोडत सुटलो. लाल, पिवळे, पांढरे. हाताला काटे लागत होते.

शिट्टी वाजली. म्हातारे सरदारजी, बागेचे चौकीदार, काठी उगारून पळत आले. त्या दिवसांत पहाटे पिशवी घेऊन हिंडणारं पोरगं म्हणजे पिशवीत बॉम्बच असणार, असं वाटायचं. लांबूनच ओरडले, "थैले में क्या है?"

"फूल."

"यहाँ फूल तोड़ना मना है, पढ़ा नहीं?"

"पढ़ना नहीं आता ठीक से. भाई के लिए हैं. पंडितजी ने बोला, फूल चुनने आना. तो मैं आया."

"कहाँ के पंडित जी?"

"श्मशान के."

सरदारजींची काठी खाली आली. पिशवीत बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "ओए पुत्तर... चिता में जो हड्डियाँ रह जाती हैं ना, उनको यहाँ फूल कहते हैं."

मी पिशवीतल्या गुलाबांकडे बघितलं.

"घर से किसी बड़े को साथ ले जा," ते म्हणाले.

"बड़ा वही था."

सरदारजींनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. खिशातून कात्री काढली आणि समोरच्या वाफ्यातला सगळ्यात मोठा गुलाब कापून माझ्या पिशवीत टाकला. मग आणखी एक. मग झाडाला टेकवलेली आपली सायकल घेतली आणि म्हणाले, "चल."

स्मशानात राख गार झाली होती. सरदारजी गुडघ्यांवर बसले, पहिला तुकडा त्यांनी दाखवला, बाकीचे मी वेचले. पंडितांनी मडकं पुढे केलं. मी नको म्हटलं. पिशवीतले गुलाब मी काढले नाहीत. त्यांच्यावरच दादाला ठेवलं.