कोपरा कापलेली पोस्टकार्डं

राहुरीकडे जायचं ठरलं तेव्हा वडील म्हणाले, "बी.ए. झालीस ती चित्रं विकत गावोगाव हिंडायला का?"

"विकत नाही हो. परवानगी मागायला चाललेय."

"म्हणजे फुकट हिंडायला," असं म्हणून त्यांनी माझी पिशवी सायकलला अडकवली आणि मला नगरच्या स्टँडवर सोडलं.

परवानगी हवी होती ती बापूमास्तरांची. राहुरीच्या पुढे एका खेड्यात राहणारे हे निवृत्त शिक्षक. त्यांच्या कथा आम्ही कॉलेजात झपाटल्यासारख्या वाचल्या होत्या. हल्ली ते लिहीत नाहीत, शाईने चित्रं काढतात. माणूस नाही, झाड नाही. नुसत्या रेघा, गाठी, काळे डाग. आम्हा मित्रमैत्रिणींच्या मंडळाने त्यातली काही उसनी आणून पोस्टकार्डांवर छापून घेतली. कला दिवाणखान्यातून निघून पोस्टमनच्या पिशवीत गेली पाहिजे, हे माझंच वाक्य! मास्तर मात्र म्हणाले होते, "आधी छापलेलं दाखवा, मग विकायचं बघू." ते नको म्हणाले तर सगळे गठ्ठे प्रेसमध्येच धूळ खाणार होते, आणि वडिलांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळणार होता.

मनमाडकडे जाणारी कोणतीही एसटी राहुरीला थांबते. तिकीट दीड-दोन रुपये. सकाळची गाडी धरा आणि डाव्या खिडकीशी बसा, ऊन लागत नाही. विळदचा घाट उतरताना शेजारच्या बाईंनी माझ्या हातातलं कार्ड निरखलं.

"उसाची मुळी हाय का?"

"नाही, हे अमूर्त आहे. कलावंताच्या अंतर्मनातलं."

"आसंल बाई," त्या म्हणाल्या, "पर मुळी झ्याक काढलीय."

राहुरीत स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तिखट, स्वस्त, आणि रस्सा मागाल तितका. मास्तरांच्याच खेड्यात माझी आत्या राहते. तिच्या यजमानांनी स्टँडवर बैलगाडी घेऊन यावं म्हणून तिला आमचंच एक कार्ड आधी टाकलं होतं. गाडीचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत बसले. पाचट टोचतं, तेव्हा जाड सतरंजी जवळ ठेवा. गाडीवान पैसे घेत नाही, पण नगरच्या बातम्या मात्र वसूल करतो.

आत्या दारातच होती. मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आलीस? आता कुनाला मारायला आलीस?"

मला काही कळेना. मग ओसरीवर बसून तिने सगळं सांगितलं. आमच्या चित्रकार मित्राने कार्डाचा एक कोपरा तिरपा कापला होता. चौकटीचं बंधन झुगारायचं, म्हणून! त्या कल्पनेला सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताचं पत्र, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते कळकट, घाईने फाडलेलं. आमचं कसं गुळगुळीत, मशीनवर कापलेलं! पोस्टमनने कोपरा पाहिला आणि कार्ड हातात न देता दाराच्या फटीत खोचून तो मुकाट्याने निघून गेला. आत्याला वाचता येत नाही. शेजारणीने बघितलं तर चित्राखाली ठळक छापलेलं : बापूमास्तर.

"आन् मास्तर त्याच दिवशी नगरला चष्मा करायला गेल्तं," आत्या म्हणाली. "आमी म्हटलं, झालं. म्होरलं वाचायचा धीर कुनाला व्हता?"

रिवाजाप्रमाणे कार्ड तिथेच फाडून टाकलं. सारं गाव मास्तरांच्या दारात जमलं. संध्याकाळच्या एसटीने मास्तर नवा चष्मा लावून आले आणि विचारू लागले, "कोण गेलं?"

हे ऐकल्यावर माझे पाय मास्तरांच्या घराकडे वळेनात. आत्याने अक्षरशः ओढत नेलं.

मास्तर खाटेवर बसले होते. आत्याने माझी ओळख करून दिली तसे खो खो हसले. "या! मी मेल्यावर गाव काय बोलतं ते तुमच्यामुळे ऐकायला मिळालं. सरपंच म्हणाले, फार मोठा लेखक गेला. एक ओळ वाचलेली नाही त्यांनी!"

"मग... परवानगी?" मी हळूच विचारलं.

त्यांचं हसू थांबलं. "माझी करमणूक झाली, पण ही रडली. तेव्हा होकार तिचा घ्या."

मास्तरांच्या पत्नी, काकू, चुलीपुढून उठून आल्या. कार्ड हातात न घेता लांबूनच पाहिलं. मी म्हटलं, "काकू, उरलेले तीन कोपरेही कापते. म्हणजे कुणाला शंका यायची नाही."

"एक कापला तर हे गेले. चारी कापून अख्खं गाव न्यायचंय का?"

आत्या पदरात तोंड लपवून हसायला लागली. काकूंनी फडताळातली कात्री काढली, कार्ड घेतलं आणि कापलेल्या कोपऱ्याची बाजू वरपासून खालपर्यंत सरळ उतरवली. मी ओरडलेच, "अहो, चित्राचा तोल!"

"काय गेलं ते सांग."

मी पाहिलं. कार्ड आडवं धरलं, उभं धरलं. एवढी बी.ए. झालेली मी, काय गेलं ते मला सांगता येईना.

"तिकडच्या रेघा निब चालते का ते बघायला ओढल्या होत्या," मास्तर म्हणाले.

काकूंनी चारी शाबूत कोपरे बोटाने चाचपले. मग म्हणाल्या, "असं सगळं सरळ करून विका. आणि यांचं नाव बारीक छापा."

दुसऱ्या दिवशी नगरला परतले. सोबत आत्याने बांधून दिलेला गूळ आणि मास्तरांच्या निबने खोटं पाडलेलं माझं 'अंतर्मन'. तो शब्द मी तूर्त वापरत नाही. जाताना मला वाटत होतं, मी खेड्यात कला घेऊन चाललेय. पण त्या कार्डाने जेवढी माणसं जमवली, तेवढी आमच्या कुठल्या प्रदर्शनाला जमली नव्हती.

रात्री मी सोबतची सगळी कार्डं कात्रीने सरळ केली, ती वडिलांनी पुन्हा पुन्हा पाहिली. एक वेगळं काढलं.

"आत्याला लिही, पोरगी सुखरूप पोचली."

"हेच का निवडलं? यात काय दिसलं तुम्हाला?"

"ते नको विचारू. बरं वाटतंय." मग देवघरातून हळदकुंकवाचा करंडा आणून त्यांनी चारी कोपऱ्यांना बोट लावलं. चित्राला धक्का लागू नये म्हणून अगदी कडेकडेने.