सव्वीस डिग्री आणि गोठलेलं खोबरेल

गेल्या जानेवारीत माझी आई रोज दुपारी चार वाजता मला सोडून जायची.

फार लांब नाही, चार दारं पलीकडे. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आमच्याच रांगेत श्रीपाद राहतो, त्याच्याकडे. आई मिरजेहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती (व्हिसाच्या अर्जात 'मुलाकडे राहणार' असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं), पण चार वाजले की माझ्या बायकोचा, मंजिरीचा, लांब कोट अंगावर चढवायची, कानटोपी घालायची आणि म्हणायची, "जरा श्रीपादकडे बसून येते. त्याचं घर कसं उबदार आहे." सातच्या सुमाराला परत यायची ती श्रीपादचं कौतुक घेऊनच.

"श्रीपाद घरूनच काम करतो, पण मधे उठून चहा करतो हो."

"श्रीपादने आल्याचा तुकडा ठेचला, किसला नाही."

"श्रीपादकडे तो भिंतीवरचा हीटिंगचा डबा नाही. त्याने नवा आणलाय, वायरीशिवायचा. फोनवरून चालतो. स्वतः बसवला, चहा गार व्हायच्या आत."

माझा चहा त्या वेळी हातातच होता. तो गार झाला.

आता खरं सांगतो. श्रीपाद आणि मी एकाच वयाचे, एकाच प्रकारची नोकरी करणारे. त्याची सायकल माझ्यापेक्षा चांगली आहे, त्याला डच माझ्यापेक्षा बरं येतं आणि त्याच्या डोक्यावर केस आहेत. हे सगळं मी वर्षानुवर्षं मोठ्या मनाने सहन केलं होतं. पण माणसाने दुसऱ्याची आई न्यावी म्हणजे काय? मी जळत होतो, आणि आमच्या घरात तेवढीच काय ती ऊब होती.

आमचा थर्मोस्टॅट जुना होता. बैठकीच्या भिंतीवर एक गोल पांढरी चकती, आणि तिच्यातून निघून भिंतीच्या पोटातून थेट घर तापवणाऱ्या, माळ्यावरच्या बॉयलरपर्यंत गेलेली वायर. चकती सतरावर असायची. आईने थंडी वाजते म्हटलं की मी तिला समजावून सांगायचो की इथले लोक घर तापवत बसत नाहीत, अंग झाकतात. शरीर हीच एक भट्टी आहे, तिला कामाला लावायचं. आई ऐकून घ्यायची आणि घड्याळाकडे बघायची.

शेवटी मी ठरवलं. आपणही वायरलेस आणायचा. आणि श्रीपादच्यापेक्षा वरचा.

"माणूस बोलावू या ना," मंजिरी म्हणाली.

"श्रीपादने बोलावला होता का?"

"श्रीपादला येतं रे."

हे तीन शब्द संसारात बोलायचे नसतात. मी शनिवारी सकाळी पेचकस घेऊन भिंतीपुढे उभा राहिलो.

चकती निघाली. तिच्यामागून एक भोक निघालं, आणि भोकाभोवती मागच्या मालकाच्या काळातला पिस्ता रंग. मंजिरी जाऊन मिरजेची दिनदर्शिका घेऊन आली आणि त्यावर टांगली. दिनदर्शिका बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर आली, त्यामुळे आजही आमच्याकडे एकादशी बघायची तर वाकावं लागतं.

या नव्या यंत्राचे दोन भाग असतात. एक डबी माळ्यावर बॉयलरला जोडायची, आणि दुसरी, छोट्या पडद्याची, खाली खोलीत ठेवायची. खोलीतली डबी हवा किती गार आहे ते मोजते आणि वरच्या डबीला बिनतारी कळवते, वरची बॉयलरला पेटव म्हणते. आधी दोघींची ओळख करून द्यावी लागते. दोन्हीकडची बटणं एकाच वेळी दाबून धरायची, दिवा लुकलुकेपर्यंत. म्हणजे मी माळ्यावर, मंजिरी बैठकीत, आणि मधे दोन जिने.

"दाब!"

"दाबलंय!"

"आता सोड!"

"किती वेळ झाला सोडून!"

"मी सांगायच्या आधी का सोडलंस?"

"तू 'सोड' म्हणालास ना मघाशी!"

"ते मी वायरीला म्हणालो!"

अकराव्या खेपेला शेजारच्या डच आजीबाईंनी भिंतीवर टकटक केलं. बाराव्या खेपेला दिवा लुकलुकला आणि बॉयलर घुर्रर्र करून पेटला. मी जिना उतरलो तो गड सर करून आल्यासारखा. भिंतींलगतचे रेडिएटर तापले. फोनवर आकडा आला, वीस. मग एकवीस. आईने कानटोपी काढली. चार वाजले, सव्वाचार वाजले, आई सोफ्यावरच होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

या आनंदात मी आईला सगळं समजावून सांगितलं. आठवड्याचं वेळापत्रक, दिवसाचे सहा कप्पे, झोपेचं तापमान, बाहेर गेल्यावरचं तापमान. कागदावर तक्ता काढला. मोजून पाऊण तास.

"आणि मुख्य म्हणजे आई, वायर नाही. ही डबी कुठेही ठेव. पुस्तकांच्या कपाटावर, टेबलावर, तुझ्या उशाशी. कुठेही."

"कुठेही?" आईने विचारलं. पाऊण तासात विचारलेला हा तिचा एकच प्रश्न.

"कुठेही," मी म्हणालो, आणि लगेच श्रीपादला फोन लावला. "उद्या चहाला या. सहज. काही विशेष नाही."

रविवारी सकाळी जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. मी पांघरुणातूनच फोन पाहिला. चोवीस. चला, आपल्याला उगाच वाटतंय. खाली आलो तर मंजिरी जॅकेट घालून पोहे परतत होती.

"हीटिंग बंद आहे."

"बंद नाही. गरज नाही म्हणून थांबलंय. चोवीस आहे."

"रेडिएटरला हात लाव."

मी हात लावला. गार होता. "बरोबर आहे," मी म्हणालो. "खोली तापली की रेडिएटर गार होणारच. यालाच कार्यक्षमता म्हणतात."

अकरा वाजता फोनवर पंचवीस झाले. बाराला सव्वीस. बाहेर दोन डिग्री होतं, आणि वरणावर घ्यायच्या तुपात चमचा उभा राहिला होता. मंजिरी हातमोजे घालून जेवली. मी मात्र सदऱ्यात बसलो होतो. मला शहारे येत होते, पण सव्वीस डिग्रीत स्वेटर घालणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

"हे वाटणं असतं," मी दोघींना समजावलं. "काल एकदम ऊब मिळाली ना, म्हणून शरीराची सवय बिघडली. आकडा खोटं बोलत नाही."

आई उठली. तिच्या खोलीतून डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी उलटी करून उभी केली. आतलं तेल जागचं हललं नाही. पांढरंशुभ्र, दगडासारखं.

"मिरजेत सव्वीसात हे पाण्यासारखं वाहतं," आई म्हणाली.

"इथलं हवामान वेगळं आहे, आई."

"तेल तिथलंच आहे."

मी माळ्यावर गेलो. वरची डबी उघडली, वायरी ओढून पाहिल्या, पुन्हा घट्ट केल्या, सूचनापुस्तिका डचमध्ये वाचली, मग जर्मनमध्येही वाचली (जर्मन मला येत नाही). खाली आलो, फोन पाहिला, साडेसव्वीस. चार वाजले आणि दारावरची घंटी वाजली.

श्रीपाद एकटाच आला होता, हातात केळ्याचे वेफर्स. जॅकेटची चेन त्याने अर्धी खाली घेतली, थांबला आणि परत वर ओढली.

"खिडकी उघडी राहिलीये का रे कुठली?"

"नाही. का?"

"नाही, सहज."

"साडेसव्वीस आहे," मी त्याच्या नाकासमोर फोन धरला. माझे दात वाजत होते त्यामुळे ते 'साडेस-स-सव्वीस' असं बाहेर पडलं.

श्रीपादने फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कोट-कानटोपीतल्या आईकडे पाहिलं आणि मग टेबलावरच्या उलट्या बाटलीकडे पाहिलं. भला माणूस आहे, हसला नाही. त्याचा मला आणखीच राग आला.

"डबी कुठेय तुझी? खोलीतली?"

"ही काय, पुस्तकांच्या कपाटावर," मी बोट दाखवलं. तिथे नव्हती. तिथे फक्त डबीएवढी धूळ नसलेली जागा होती. दिवसभर मी फोन पाहत होतो, त्यामुळे डबी पाहायची वेळच आली नव्हती.

"ती होय," आई म्हणाली. "देवापुढे आहे."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, उंच कपाटाच्या मधल्या खणात आमचे देव असतात. तिथे बाळकृष्ण आणि गणपतीच्या मधोमध माझी डबी विराजमान होती. तिच्या पडद्यावर हळदीकुंकू होतं. डोक्यावर ट्यूलिपची पाकळी होती. आणि तिच्या अगदी अंगाला लागून सकाळपासून निरांजन तेवत होतं, त्यामागे समई, दोन्ही वातींची. देव मात्र खरंच सव्वीस डिग्रीत बसले होते.

"आई, हे काय?"

"नवी वस्तू आली घरात, पूजा नको करायला? काल अमावास्या होती म्हणून आज केली. म्हटलं संध्याकाळपर्यंत राहू दे देवापुढे." मग जरा थांबून, "तूच म्हणालास कुठेही ठेव. मी विचारलंही होतं."

विचारलं होतं. मंजिरी सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

श्रीपादने डबीला आधी नमस्कार केला (हे मला सुचलं नसतं), मग ती उचलून बैठकीत टेबलावर ठेवली. पाच मिनिटांत पडद्यावरचा आकडा भराभरा उतरला, आणि वर माळ्यावर बॉयलर घुर्रर्र करून पेटला.

"बघ," आई मंजिरीला म्हणाली, "श्रीपादने नुसता हात लावला."

मी दोन दिवस राबलो होतो. बारा खेपा ओरडलो होतो. माझ्या सदऱ्याच्या आत आता खरोखरच भट्टी पेटली. मी विचारलं, "तू काय ठेवतोस रे तुझ्याकडे? तेवीस? चोवीस?"

"एकोणीस," श्रीपाद म्हणाला.

"नुसतं एकोणीस?"

"पुरतं की. काकूंना मी एक शाल देतो बसताना. तुझं जुनं कितीवर होतं?"

मी वेफर्सच्या पुडक्याकडे पाहिलं. मग मंजिरी म्हणाली, "सतरा."

"बिघडलं होतं का?"

"नाही," मंजिरी म्हणाली. "हाताने फिरवायचं असायचं. उजवीकडे."

आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं, जिच्यामागे ते पिस्त्याचं भोक होतं. "म्हणजे ते नुसतं फिरवलं असतं तर?" तिने विचारलं. मग तिला आठवलं. "मी दोनदा फिरवलं होतं रे. तूच परत मागे फिरवलंस. आणि मला ते भट्टीचं सांगितलंस."

श्रीपादने केळ्याचे वेफर्स उघडले. ते आम्ही एकेक करून संपवले.

त्या सोमवारपासून घरात खरेखुरे एकवीस डिग्री असतात. श्रीपादपेक्षा पूर्ण दोन जास्त. मी तक्त्यात आईसाठी चार ते सातचा खास कप्पा केला, बावीसचा. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. चारच्या ठोक्याला आई उठली आणि कोट घालायला लागली.

"आई, आता कुठे? आपलं घर त्याच्यापेक्षा गरम आहे."

"हो, छान झालंय. गरमच व्हायला लागलंय मला."

"मग श्रीपादकडे काय आहे?"

आईने कानटोपीची गाठ मारली. विचार करून म्हणाली, "तिथे मला कोणी काही समजावून सांगत नाही रे."

मला हे अगदीच अन्यायाचं वाटलं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगण्यात आणि माहिती देण्यात काय फरक असतो, हे तिला तीन मुद्द्यांत सांगायला लागलो. दुसऱ्या मुद्द्याला दार लागल्याचा आवाज आला.