पांढऱ्या जमिनीवर हरीची जीप

पनवेलजवळ कोन गावच्या पुलाखालून गाडी निघाली तेव्हाच मी म्हटलं होतं, हे धंदे पन्नाशीत करायचे नसतात. पण माझं ऐकतो कोण! हरी माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या बापाचं करंजा गावाच्या वाटेवर मिठागर होतं. आता तिथे भराव टाकून हरीच्या इमारती उभ्या आहेत. त्याने नवी जीप घेतली, मोबाइलवर रात्रीच्या वाळवंटात गाड्या उडवणारी माणसं पाहिली आणि पठ्ठ्याला कच्छच्या रणात जायची खाज सुटली. मागच्या सीटवर त्याची बायको वनिता, मांडीवर सुकटीचा डबा घेऊन. "रनात काय मिलनार हाय खायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कच्छच्या छोट्या रणाच्या काठाशी पोहोचलो. तिथे हरीच्या ओळखीच्या देवजीभाईंच्या घरी उतरलो. जेवायला रोटलो (बाजरीची जाड भाकरी), लसणाची चटणी आणि गाडगंभर ताक. वनिताने डबा उघडला मात्र, देवजीभाई नाकाला उपरणं लावून अंगणात! घरासमोर काहीच नव्हतं. झाड नाही, दगड नाही, भेगाळलेली जमीन थेट आभाळाला टेकलेली. इतकं रिकामं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. 

अंधार पडल्यावर निघताना देवजीभाईंनी बजावलं, "रात में चीलो मत छोडना." चीलो म्हणजे गाड्यांनी पडलेली चाकोरी.

सुरुवातीला मजा आली, खोटं कशाला बोलू. जीप उसळत होती, मी देवाचं नाव घेत होतो, हरी लहान पोरासारखा खिदळत होता. एकदा गाडीच्या दिव्यांच्या उजेडात रानगाढवांचा कळप दिसला आणि धूळ उडवत नाहीसा झाला. मग डाव्या हाताला पांढरंशुभ्र मैदान लागलं.

"आरे, हे तर आपलं मिठागर!" हरी ओरडला. "पांढरं म्हंजे पक्कं. बापाने तळ असा तुडवून घट्ट केलेला, वरनं ट्रक घाल."

"ते आपल्या मान्सांनी तुडवलेलं," वनिता म्हणाली. "हे कोनी तुडवलंय?"

"तू गप बस गं." आणि त्याने स्टीअरिंग वळवलं.

पापड मोडावा तसा आवाज झाला. जीपचं नाक खाली गेलं. मीठ नुसतं वरवर होतं, खाली काळा चिखल! हरी शिव्या देत उतरला, दोन पावलं पुढे गेला आणि मांडीपर्यंत आत गेला. एक पाय उपटायला गेला तर दुसरा आणखी खोल. माझ्या डोळ्यांदेखत तो कमरेपर्यंत बुडाला.   आत्तापर्यंत हसणारा माणूस असा जमिनीत जातो?

"पाय उपटू नको!" वनिता ओरडली. "आडवा पड! पोट टेक!"

वाळूत रुतलेल्या चाकांखाली घालायला हरीने दोन फळ्या आणल्या होत्या. तिने त्या चिखलावर टाकल्या, पदर खोचला आणि पालथी पडून सरकत गेली. लग्नाआधी ती खाडीच्या चिखलात निवट्या (चिखलात राहणारे मासे) पकडायला जायची, तीच ही सवय. "बघत काय उभा हायस भावजी? पट्टा बांध गाडीला!" मी गाडी ओढायचा पट्टा मागच्या हुकाला अडकवला आणि दुसरं टोक तिच्याकडे फेकलं. तिने ते हरीच्या काखेखालून घेतलं. मी ओढत राहिलो, ती त्याची मान वर धरून "हळू, हळू" म्हणत राहिली. हरी पोटावर सरपटत बाहेर आला. बूट तिथेच राहिले. वनिताने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि मग एक सणसणीत थोबाडीत दिली. पाठोपाठ स्वतःच हुंदके देऊन रडायला लागली.

सकाळी देवजीभाई आम्हाला शोधत ट्रॅक्टर घेऊन आले. जीप चिखलातून बाहेर काढली. मग चहा पाजला. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवली. हरी खिडकीबाहेरही बघेना.

पनवेलला त्याच्या घरी पोहोचलो. वनिताने दार उघडलं. आत हरीने हौसेने बसवलेली फरशी, पांढरीशुभ्र, दिव्याखाली चकाकणारी. आणि हरी उंबऱ्यावर थांबला. अनवाणी पाय उचलेचना. मी चेष्टा करणार होतो, पण त्याचा चेहरा पाहिला आणि बाजूला सरलो.

वनिता आत गेली, फरशीवर दोन्ही पाय जोरात आपटले आणि हात पुढे केला.

"ये," ती म्हणाली. "मी तुडवलीय."