कपड्यांच्या तारेवर पुणं

घरी पहिला टीव्ही आला तेव्हा मुलगा पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळी मंडळी ओरडायची, आलं, आलं, गेलं! मला म्हणायची, तुम्ही या की, तुम्हाला कळतं यातलं. मी कधी गेलो नाही. यातलं मला किती कळतं ते माझं मला ठाऊक आहे, आणि त्याची लाज चाळीस वर्षांत गेली नाही, ती आता काय जाणार?

पंचावन्न सालाच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही भाड्याने राहत होतो. मधे फरशीचं अंगण, अलीकडं आम्ही नवराबायको, पलीकडं एक शाळामास्तर, त्यांची आई आणि मास्तरांची नवी बायको. ती नेसरीकडची, अठरा-एकोणीस वर्षांची, हसरी. मला भाऊजी म्हणायची. मास्तरांच्या आईला अख्खी गल्ली काकू म्हणायची आणि टरकून असायची. मी कचेरीत कारकून. अंगात मिजास मात्र मामलेदाराची.

जुन्या बाजारात मी एक रेडिओ घेतला. विकणाऱ्यानं तो हातात देताना बजावलं होतं, "ओल्या हातानं मागं शिवायचं न्हाई, पावणं. जुना सेट हाय, चावतो." मी मान डोलावली आणि विसरलो.

घरी आणून लावला तर नुसती खरखर. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झाली की पुण्याचं केंद्र पिठात दळून निघायचं. मग मी एरियलच्या मागं लागलो. दोन बांबू उभे केले, त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. बांबू उंच केले, दिशा बदलली. अर्थिंगची तार मोरीजवळ मातीत पुरली आणि तिथं रोज दोन तांबे पाणी ओतायचं काम बायकोला लावलं. ती बिचारी तुळशीला घालावं तसं त्या तारेला पाणी घालायची. पुणं काही साफ लागेना.

अंगणात काकूंची कपडे वाळत घालायची तार होती. त्यांच्या दाराच्या खांबापासून आमच्या दाराच्या खांबापर्यंत, चांगली चाळीस फूट. एकच तार दुमडून दोन पदरी केलेली. वरच्या पदरावर काकूंचं सोवळं, खालच्यावर घरातले रोजचे कपडे. काकूंचं सोवळं कडक. धुतलेलं लुगडं त्या हातानं वाळत घालायच्याच नाहीत, लांब काठीच्या टोकावर घेऊन वर टाकायच्या आणि वाळलं की काठीनंच उतरवायच्या. मध्ये कुणाचा श्वास लागला तरी लुगडं परत बादलीत.

एका संध्याकाळी माझ्या एरियलचं टोक हातातून सुटून त्या तारेवर पडलं, आणि घरातून पुणं असं खणखणीत बोललं की बायको दचकून बाहेर आली. मला हर्ष झाला. काकूंना विचारलं असतं तर माझ्या सोवळ्याच्या तारेला तुझं यंत्र लावतोस काय म्हणून त्यांनी मला अंगणात उभं राहू दिलं नसतं. म्हणून विचारलंच नाही. बारीक तार खांबाच्या मागून नेली, कपड्यांच्या तारेला गुंडाळली आणि वरून चुना फासला. बायकोलाही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत माझ्या रेडिओचं नाव झालं. गल्लीतले लोक सकाळी खिडकीशी उभे राहायचे. कसं जमवलंत म्हणून विचारायचे, आणि मी म्हणायचो, अभ्यास लागतो. काय हा माज!

त्याच पंधरा दिवसांत समोरच्या सुनेला तारेपाशी काहीतरी व्हायला लागलं. ओलं धोतर तारेवर टाकायला गेली की ओरडून हात मागं घ्यायची. म्हणायची, मुंग्या येतात, कोपरापर्यंत झिणझिणतं. काकूंनी स्वतः तारेवर लुगडं टाकून दाखवलं, त्यांना काही झालं नाही. होणार कसं? त्यांच्या हातात कोरडी काठी. पण हे कुणाच्या ध्यानात येणार? दोघी त्याच तारेवर कपडे घालतात, एकीला होतं आणि दुसरीला होत नाही, एवढंच घरानं पाहिलं. कामाची टाळाटाळ, इथून सुरुवात झाली आणि चार दिवसांत ती बाहेरच्या बाधेवर पोचली.

काकू तिला वाडीला घेऊन गेल्या, दत्ताच्या पायाशी. तीन दिवस राहिल्या. तिथं काही झालं नाही. घरी परत आली, सकाळी तारेला हात लावला आणि पुन्हा ओरडली. मग काकूंनी निकाल दिला. देवाच्या दारी बरी असते आणि सासरी आली की होतं, म्हणजे हिला सासरच नको आहे. सोमवारच्या गाडीनं नेसरीला पोचवायची. परत आणायचं नाव नाही. मास्तर आईपुढं तोंड उघडणारा माणूस नव्हता.

हे सगळं बायकोनं मला गुरुवारी रात्री जेवताना सांगितलं. विकणाऱ्याचं ते "चावतो" मला तेव्हा आठवलं. सकाळी रेडिओ लावला, तोंड धुतलं, ओल्या हातानं अनवाणी अंगणात गेलो आणि तारेला बोट लावलं. सेट चावला. कोपरापर्यंत.

म्हणजे शुक्रवारी सकाळीच मला कळलं होतं. चुन्यामागची तार ओढून तोडायला किती वेळ लागतो? पण रविवारी सकाळी आमचे हेडक्लार्क पुण्याचं गाणं ऐकायला येणार होते. त्यांनी आपणहून म्हटलं होतं, तुमचा रेडिओ फार ऐकलाय, एकदा ऐकू द्या. मी मनाशी म्हटलं, गाडी सोमवारची आहे, रविवारी दुपारी तोडू. शुक्रवारी ती पोर ओरडली, शनिवारी ओरडली. मी दोन्ही दिवस रेडिओ चालू ठेवला, हेडक्लार्कसाहेब येण्याआधी स्टेशन हलायला नको म्हणून. लिहिताना हात जड होतो, पण असंच झालं.

रविवारी साहेब आले. बायकोनं पोहे केले. गाणं असं लागलं होतं की साहेबांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात अंगणात काकूंचा आवाज आला, आता शेवटचं बघते, घाल. मी खिडकीतून बघत होतो. तिच्या हातात पिळलेलं पातळ होतं. तारेपाशी जाऊन ती थांबली आणि सासूकडं बघितलं. भिंतीवरचं बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. तिनं तारेला हात लावला आणि ओरडून फरशीवर बसली.

साहेबांनी डोळे उघडले. काय झालं म्हणाले.

"काही नाही, साहेब. शेजारच्या सुनेला जरा वारं आहे," मी म्हणालो आणि आवाज वाढवला.

माझ्या आयुष्यात मी बरंच वाईटसाईट बोललो आहे. रागाच्या भरात बायकोला, भावाला, कुणाकुणाला. त्या सगळ्याचं काही ना काही निस्तरता आलं. या एका वाक्याचं आलं नाही.

साहेब गेल्यावर मी तार तोडली. आता जाऊन सांगायला हवं होतं की काकू, हे माझं पाप आहे. उंबऱ्यापर्यंत गेलो तेव्हा तसंच ठरवलं होतं. पण काकू पुढं आल्या आणि माझ्या तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, वाडीचा गुण यायला आठवडा लागतो म्हणतात. उद्या सकाळी आणखी एकदा बघा आणि मग ठरवा.

सोमवारी सकाळी तिनं सगळ्यांसमोर तारेवर कपडे घातले. एकेक करून पूर्ण बादली. काही झालं नाही. काकूंच्या डोळ्यांना पाणी आलं. मला म्हणाल्या, तू देवमाणूस आहेस, तुझ्या तोंडून दत्तच बोलला. मी नाही म्हणालो नाही.

गुरुवारी त्यांनी पुरणाचा स्वयंपाक केला आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. मला मानाचा पाट, भोवती रांगोळी. सून वाढत होती. काकू तूप आणायला आत गेल्या, मास्तर आणि माझी बायको काहीतरी बोलत होते. ती माझ्या पानाशी वाकली, पोळी ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, "रविवारपासनं तुमचा रेडिओ खरखरतोय की, भाऊजी."

मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उत्तराची वाट बघत ती तशीच वाकून उभी होती. मला वाटतं, मी खरं बोललो असतो तर तिनं तिथल्या तिथं माफ केलं असतं.

"हवा खराब आहे," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. काकू तूप घेऊन आल्या, तशी ती बाजूला झाली.

पुढं सहा वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मला भाऊजी मात्र ती पुन्हा कधी म्हणाली नाही.