नसलेला फोटो

माझ्या बहिणीला चोर ठरवणारा माणूस परवा आमच्याकडे कॉफीला आला होता, आणि येताना दालचिनीचे पाव घेऊन आला होता. म्हणजे हिंमत बघा!

बहीण म्हणजे औती. आमच्या कुओपिओ शहरातल्या एका बेकरीत तिने आयुष्यभर राय नावाच्या धान्याच्या कणकेत मासे भरून कलाकुक्को नावाचे पाव भाजले. बाकीच्या बायका संध्याकाळी मोजे विणायच्या, ही जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून चित्रं काढायची. ब्रश नाही, रंगपेटी नाही. पडद्यावरचा एकेक चौकोनी ठिपका, म्हणजे पिक्सेल, आपल्या हाताने रंगवायचा. रंग सगळे मिळून सोळाच, त्याहून जास्त त्या यंत्राला झेपायचेच नाहीत. गालावर सावली हवी तर दोन रंगांचे ठिपके आळीपाळीने मांडायचे आणि मागे सरून बघायचं. वडील म्हणायचे, "डोळे फोडून घेशील, पोरी." ती म्हणायची, "फुटले तर फुटले, आधी हे नाक जमू दे."

ते नाक आईचं होतं. आई गेली तेव्हा औती शाळेत जात होती आणि मी पाळण्यात होते. घरात आईचा एकच फोटो, लग्नातला. त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी ताठ उभी, मान भलतीकडेच वळवलेली. औतीला आठवायची ती आई वेगळी. उन्हाळ्यात तळ्याच्या धक्क्यावर बसून, स्वतः विणलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या घासणारी, कोपरापर्यंत फेस आणि तोंडभर हसू. मी ती कधी पाहिलीच नव्हती. मला दाखवायची म्हणून औती अख्खा हिवाळा एका चित्राला बसली. मधूनच मला उभं करायची. "हेल्का, बाही वर कर. दाखव कोपर. थेट आईचं कोपर आहे गं तुझं!" मी वैतागायचे, पण उभी राहायचे. चित्र पुरं झालं त्या दिवशी मी माझ्या आईला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्या काळी आमच्याकडची कॉम्प्युटरवेडी पोरं शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये जमायची. आपापली यंत्रं उचलून आणायची, ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या चघळत तिथेच पथारी पसरायची आणि चित्रांची स्पर्धा लावायची. मीच औतीच्या मागे लागले, म्हणून तिने भीत भीत आपलं चित्र दिलं. मोठ्या पडद्यावर आई आली आणि मागची पोरंही उठून पुढे सरकली. मग स्पर्धेचा कर्ताधर्ता जार्नो उठला.

"ताई, हे स्कॅन केलंय तुम्ही. फोटो उतरवून घेतला आणि वर चार ठिपके टाकले."

"नाही रे, हाताने काढलंय."

"मग टप्पे दाखवा ना."

टप्पे म्हणजे या मंडळींचा रिवाज. चित्र होत असताना अर्धवट चित्रं अधूनमधून वेगळी साठवून ठेवायची, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलं तर पुरावा हाताशी. आमची औती घरात एकटीच शिकलेली, तिला हे सांगणार कोण? ती रोज कालच्या चित्रावरच आजचं साठवायची. म्हणाली, "अरे बाबा, सतरंजी विणताना अर्धी सतरंजी कुणी वेगळी काढून ठेवतं का?"

पोरं खो खो हसली. मी बाही वर करून पुढे झाले. "हे बघ कोपर. चित्रातलं हेच आहे."

"वा! बहिणीची साक्ष," जार्नो म्हणाला. "घरी मांजर असेल तर तिलाही आणा."

वर अक्कल पाजळतो, की इतका जिवंत चेहरा सोळा रंगांत हाताने होतच नाही. म्हणजे वाकडंतिकडं काढलं असतं तर यांना पटलं असतं! चांगलं झालं हाच तिचा गुन्हा. फोटो नव्हता हे सिद्ध करा, म्हणे. नसलेला फोटो आणून दाखवायचा कसा, ते काही त्या शहाण्याने सांगितलं नाही. चित्र बाद झालं. भिंतीवरच्या कागदावर सगळ्यांच्या देखत तिच्या नावापुढे 'नक्कल' असं लिहिलं.

त्यानंतर औतीने एकही ठिपका मांडला नाही. कॉम्प्युटर माळ्यावर गेला. ती चारचौघींसारखी मोजे विणायला लागली, आणि तेही इतके वाईट की एक पाय दुसऱ्याला ओळखेना. सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, बसल्यावर भांडणतंटा काढू नये असा आमच्याकडे दंडक आहे, पण मी तिथेही जार्नोच्या नावाने बोटं मोडली आहेत.

तोच जार्नो परवा दारात. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरवतोय म्हणाला. कुणाच्या तरी फ्लॉपीत औतीचं चित्र राहिलं होतं, ते मोठं करून लावायचंय.

"माझ्या नावाने?" औतीने विचारलं. तिचा आवाज किती दिवसांनी असा कोवळा झाला होता.

"अहो, तुमच्याच नावाने. झालं गेलं सोडून द्या."

माफीचा एक शब्द नाही! मी तरीही त्याच्या कपात कॉफी ओतली, तिच्यासाठी. त्याने पाव मोडला, पुढे वाकला आणि लबाडपणे हसत म्हणाला, "आता इतकी वर्षं झाली. आपल्याआपल्यात सांगून टाका. तो फोटो मिळवला कुठून होतात?"

माझा हात कॉफीच्या किटलीकडे गेला. रिकामी केलीच असती मी त्याच्या टकलावर, पण औतीने माझं मनगट धरलं.

"जार्नो," ती म्हणाली, "तो फोटो तुला कुठे सापडला ना, तर आधी मला आणून दे रे. मला तिचं नाक नीट आठवत नव्हतं."