नंबरपाटीखालचे दोन शब्द

तेलरंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास आला की मला नगरची ती हिवाळ्यातली सकाळ आठवते: दुष्काळाचं वर्ष, आभाळ कोरडं ठणठणीत, उन्हाला नावापुरती ऊब, आणि लष्कराच्या छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेंटरच्या टपरीसमोर उभी असलेली माझी नवीकोरी स्कूटर. लष्करी इस्पितळांत परिचारिका म्हणून काही वर्षं काढून मी नुकतीच परतले होते. स्वकष्टाची गाडी, तिचा नंबर आणि त्याखाली ‘माजी सैनिक’ हे दोन शब्द, एवढीच माझी हौस होती. ती पुरी होणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शंका पेंटरला होती. छावणीचं गाव, कुणीही उठावं आणि पाटीवर फुकटचा रुबाब मिरवावा, म्हणून खात्री पटल्याखेरीज तो ते शब्द रंगवीत नसे.

“साहेबांचं डिस्चार्ज बुक आनलंय का?”

“साहेब नाहीत. फौजेत मी होते,” मी म्हटलं आणि फौजेतून सुटताना मिळालेलं माझं पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं.

त्यानं ते उलटसुलट पाहिलं. “हे इंग्रजीत हाय, बाई, मला वाचता येत न्हाई. मागं एकानं मेव्हन्याचं बुक दाखवून गंडवलंय मला. तुमच्या घरचं कोनी सांगत आसंल, तर लिवतो.”

घरचं माणूस होतं की. श्रीगोंद्याहून माझ्यासोबत आलेले माझे वडील, अण्णा, लिंबाच्या विरळ सावलीत उभे राहून सारं ऐकत होते. पण ते खरं सांगतील, याचा मला भरवसा नव्हता. कारण जवानांच्या गराड्यात तरणी लेक धाडली, हे सोयऱ्याधायऱ्यांच्या कानी जाऊ नये म्हणून अण्णांनी इतकी वर्षं गावभर सांगितलं होतं, पोरगी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. लढाईच्या दिवसांत जखमींच्या गाड्यांमागून गाड्या येत होत्या, बोटांचा रक्ताचा वास धुऊन जात नव्हता, तेव्हाही गावाच्या लेखी मी पुण्यातच होते. मला त्याचा मनस्वी राग होता. खरं सांगायचं तर त्या रागापायीच मला पाटीवर ते दोन शब्द हवे होते.

अण्णा सावकाश पुढे आले. घसा खाकरून म्हणाले, “फौजेतच हुती. लढाईतली जखमी पोरं संभाळलीत हिनं. मी बाप हाय हिचा. जरा ठसठशीत लिवा, गावच्या वेशीतनं वाचता आलं पायजे.”

पेंटरनं ब्रश रंगात बुडवला. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत अण्णा तिथून हलले नाहीत. मी पाटीकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. ज्या रागाच्या बळावर इतकी वर्षं ताठ मानेनं चालले, त्याच्यावाचून आता घरी कशी जाणार, ते मला कळेना.